टीव्हीशेजारचा मनीप्लँट वाढतो, मग होया का फुलत नाही?

प्रश्न : काका, नमस्कार. ठाण्यात सातव्या मजल्यावर आमचा टू-बीएचके आहे. हॉलची बाल्कनी आत घेतलीय, तिला दक्षिणेकडे सरकत्या काचा आहेत. बेडरूमची खिडकी पश्चिमेला, तिला बॉक्स ग्रिल. मला घरात फुलणाऱ्या वेली हव्यात, नुसती हिरवी पानं नकोत. तीन वर्षांपूर्वी होया आणली. पहिल्या उन्हाळ्यात दोन झुबके आले, नंतर एकही नाही. (फुलं सुकल्यावर सासूबाईंनी देठ नीट कापून काढले होते, त्याचं काही असेल का?) गेल्या थंडीत प्रदर्शनातून गुलाबी फुलांनी लगडलेली मँडेव्हिला आणली, आठवड्यात सगळ्या कळ्या गळल्या. दोन्ही कुंड्या हॉलमध्ये सोफ्यामागच्या शेल्फवर आहेत. ग्रिलमधल्या कृष्णकमळाला पानंच पानं, तीही सुरवंट खातात. नवऱ्याने व्हॅलेंटाइनला दिलेलं हृदयाच्या आकाराचं एक पान कुंडीत दोन वर्षं आहे तसंच आहे. सासूबाईंना देवासाठी जुई हवीय. केळीच्या सालींचं पाणी, चहाचा चोथा, तांदळाचं धुवण, सगळं करून झालं. कामाच्या मावशी रोज सकाळी न चुकता पाणी घालतात. आणि कोपऱ्यात टीव्हीशेजारी बाटलीतला मनीप्लँट मात्र छताला पोचलाय! घरात तीन वर्षांची मुलगी आहे, आणि गणपतीला आम्ही दहा दिवस सावंतवाडीला असतो. काय चुकतंय?

उत्तर : ताई, नमस्कार. तुमच्या मनीप्लँटपासूनच सुरुवात करतो, कारण तोच तुमची दिशाभूल करतोय. त्याच्याकडे बघून तुम्हाला वाटतं, या घरात वेली छान वाढतात. वाढतात, पण पानांपुरत्याच. मनीप्लँट घरात फुलत नाहीच, आणि त्यात घराचा दोष नाही. फुलायला लागणारं जिबरेलिन नावाचं संजीवक (हार्मोन) त्याच्यात पुरेसं तयारच होत नाही, हे २०१६ मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं. म्हणजे तो आयुष्यभर फक्त पानं काढणार आणि तेवढ्यासाठी टीव्हीशेजारचा अंधूक उजेडही त्याला पुरतो. फुलणाऱ्या वेलीचं गणित वेगळं आहे. पानं टिकवायला लागतो त्याच्या कितीतरी पट उजेड फूल धरायला लागतो, आणि तो मिळेपर्यंत वेल गप्प राहते. मरत नाही, फुलत नाही, अधूनमधून एखादं पान काढते आणि आपण तिला साली पाजत बसतो.

तेव्हा खतापाण्याचं थोड्या वेळाने बोलू. आधी खिडकी.

आपल्या डोळ्यांवर या बाबतीत विश्वास ठेवू नका. अंधारात बाहुली मोठी होते, उजेडात लहान, त्यामुळे हॉल आपल्याला सगळीकडे सारखाच उजळ दिसतो. मोबाइलवर उजेड मोजणारं एखादं फुकट ॲप घ्या आणि दुपारी बारा वाजता घरभर फिरा. बाहेर उघड्या उन्हात आकडा एक लाख लक्सच्या आसपास जातो. सोफ्यामागच्या शेल्फवर तो दोन-तीनशे दिसला तर मला आश्चर्य वाटणार नाही. काचेला अगदी चिकटून मोजलात तर काही हजार मिळतील आणि तिथून पाच-सहा फूट आत आलात की बहुधा त्याचा दहावा हिस्साही उरलेला नसेल. मोबाइलचे आकडे तंतोतंत नसतात, पण शेल्फ आणि काच यांतला फरक कळायला पुरेसे असतात. होयाला फुलायचं असेल तर दिवसातले चार-पाच तास दहा हजार लक्सच्या आसपास उजेड मिळावा, असं मी धरून चालतो. मँडेव्हिला, कृष्णकमळ, जुई यांना तेवढ्यानेही भागत नाही, त्यांना अंगावर ऊनच पाहिजे.

आता दिशेचं. इंग्रजी पुस्तकांत आणि परदेशी व्हिडिओंत ‘दक्षिणेची खिडकी सगळ्यात उत्तम’ असं डोळे मिटून सांगतात. ते त्यांच्या देशात खरं आहे. लंडनला डिसेंबरातल्या दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम १५ अंश वर येतो, त्याचं ऊन खोलीच्या पार मागच्या भिंतीपर्यंत जातं. ठाणं १९ अक्षांशावर आहे. आपल्याकडे डिसेंबरात दुपारचा सूर्य ४७ अंशांवर असतो, म्हणजे दक्षिणेच्या खिडकीत ऊन येतं खरं, पण ते काचेपासून काही फुटांतच संपतं. मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत तर दुपारी सूर्य आपल्या डोक्यावरून थोडा उत्तरेकडेच कललेला असतो, तेव्हा तुमच्या हॉलच्या काचांवर थेट ऊन पडतच नाही. त्यातच जूनपासून ढग. सारांश, तुमच्या दक्षिणेच्या बाल्कनीत साधारण ऑक्टोबर ते फेब्रुवारी चांगलं ऊन आणि बाकीचे महिने नुसता उजेड. बेडरूमच्या पश्चिमेच्या ग्रिलमध्ये पावसाळा सोडला तर वर्षभर दुपारनंतरचं ऊन, आणि एप्रिल-मेमध्ये ते चांगलंच पोळणारं.

हे एकदा लक्षात घेतलं की कुठली वेल कुठे हे आपोआप ठरतं. होया दक्षिणेला काचेजवळ. मँडेव्हिला, कृष्णकमळ आणि सासूबाईंची जुई पश्चिमेच्या ग्रिलमध्ये. सोफ्यामागच्या शेल्फवर पुस्तकं ठेवा. आणि हो, काचांना काळी फिल्म लावली असेल किंवा डासांची जाळी कायम ओढलेली असेल तर उजेड बराच कमी होतो. सातव्या मजल्यावरच्या काचा बाहेरून कोण पुसणार हा प्रश्न मला मान्य आहे, पण दिवाळीच्या सफाईत एकदा पुसून घ्या. होयाला हिवाळ्याचं ऊन लागतं नेमकं त्याच दिवसांत.

होयावर जरा सविस्तर लिहितो, कारण घरात ठेवायच्या फुलणाऱ्या वेलींत माझ्या मते तिच्याइतकी समंजस दुसरी नाही. सासूबाईंनी देठ कापले ते त्यांच्या परीने बरोबरच केलं. मोगऱ्याची, गुलाबाची फुलं संपली की खालून छाटायचं हेच आपण शिकलोय, कारण त्यांना फूल नव्या फुटीवर येतं. होयाचं उलट आहे. फुलं गळून गेल्यावर जो बोटाच्या पेराएवढा बोडका दांडा उरतो, त्याच्याच टोकावर पुढच्या वर्षी परत झुबका येतो, त्याच्या पुढच्या वर्षी परत, आणि दांडा दरवेळी थोडा लांबत जातो. ते दोन दांडे गेले म्हणजे वेलीला नवे तयार करावे लागणार, आणि शेल्फवरच्या उजेडात ते तयार व्हायचं काही कारणच नव्हतं. सासूबाईंना याबद्दल काही बोलू नका. वेल काचेजवळ नेली की नवे दांडे येतील, एखाद्या वर्षाचा प्रश्न आहे.

दुसरी एक गोष्ट लोक कापतात ती म्हणजे पानं नसलेली, हवेत लांबच लांब जाणारी काटकुळी फूट. ती वाळकी दिसते, विचित्र दिसते, पण तीच वेलीची चाचपणारी फांदी असते. आधार मिळाला की तिच्यावर मागाहून पानं येतात. ती न कापता तारेच्या गोल कडीवर हळूच गुंडाळत जा. ओढून बांधू नका, सुतळीची सैल गाठ पुरे. मोडली तर पांढरा चीक निघेल. होया आपल्या रुईच्याच कुळातली आहे. चीक डोळ्याला लागू देऊ नका, हात धुवा, एवढंच. होया विषारी समजली जात नाही, त्यामुळे तुमच्या मुलीच्या दृष्टीने ही वेल त्यातल्या त्यात निर्धोक.

हे कुळाचं सांगण्यामागे आणखी एक कारण आहे. रुईच्या झाडावर पिवळाधमक मावा तुम्ही पाहिला असेल, काळ्या पायांचा. तोच होयाच्या कोवळ्या शेंड्यावर आणि कळ्यांवर येतो. सातव्या मजल्यावर कसा येतो? पंख फुटलेला मावा वाऱ्यावर सहज येतो. दिसला की नळाखाली धरून धुऊन टाका. उरलेल्यासाठी लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब घालून, नीट ढवळून, संध्याकाळी फवारा. ऊन असताना फवारलंत तर पानं करपतील. पानांच्या बेचक्यांत कापसासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. इअरबड स्पिरिटमध्ये बुडवून एकेक टिपायचा, आठवड्याने परत बघायचं. एकदा टिपून तो कधीच जात नाही.

होया जंगलात सहसा जमिनीवर वाढत नाही, झाडाच्या खोडावर, खडकावर चढून राहते. आपल्या पश्चिम घाटातही होया वाइटी नावाची तिची एक रानजात आहे, पावसाळी रानात झाडांच्या फांद्यांवरून लोंबत असते. अशा वेलीच्या मुळांना पाणी येऊन निघून जायची सवय असते. नर्सरीतून येणाऱ्या लाल चिकट मातीत रोज सकाळी तांब्याभर पाणी पडलं तर ती मुळं गुदमरतात. तुमच्या मावशी मनापासून करतात, पण होयाला रोज पाणी म्हणजे हळूहळू कुजवणं आहे. त्यांना सांगायचं काम अवघड वाटत असेल तर कुंडी त्यांचा हात पोचणार नाही अशी टांगा, मी अनेकांना हाच उपाय सांगतो आणि तो चालतो.

कुंडीत काय भरायचं? नारळाच्या सोडणाचे तुकडे निम्मे, उरलेल्यात कोकोपीट, पर्लाइट आणि मूठभर गांडूळखत. पर्लाइट नसेल तर विटांचे शेंगदाण्याएवढे तुकडे आणि थोडा लाकडी कोळसा. कुंडी लहानच ठेवा, मुळांचा गोळा मावून बोटभर जागा उरेल इतकी. मोठ्या कुंडीत ओल राहते आणि वेल आधी मुळं वाढवत बसते. कुंडी बदलायची ती फेब्रुवारीत, आणि तीसुद्धा मुळं भोकांतून बाहेर आली असली तरच. पाणी कधी द्यायचं हे पानाला विचारा: एक जुनं पान हलकेच दुमडून बघा. कडक असेल तर नको, मऊ पडून वाकत असेल तर द्या. उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा लागेल, पावसाळ्यात दहा दिवसांनी एकदाही पुरेल.

कळ्या दिसायला लागल्या की मात्र कुंडी फिरवू नका, हलवू नका, पूर्ण सुकूही देऊ नका. पाहुण्यांना दाखवायला झुबक्याची बाजू खोलीकडे वळवली आणि कळ्या गळल्या, अशी पत्रं मला दर उन्हाळ्यात येतात. फुलली की रात्री वास येईल, संध्याकाळपेक्षा नऊ-दहानंतर जास्त, कारण तो वास पतंगांसाठी असतो. खाली फरशीवर चिकट थेंब पडतील, तो फुलातला मध आहे, कीड समजून घाबरू नका. मुंग्या मात्र येतील. या वेलीला नाव दिलंय टॉमस हॉय नावाच्या माळ्याचं. लंडनजवळच्या सायन हाउसमध्ये तो एका ड्यूकच्या बागा सांभाळत असे, आणि १८१० मध्ये रॉबर्ट ब्राउन या वनस्पतिशास्त्रज्ञाने नाव देताना मालकाला सोडून माळ्याला निवडलं. मला हे फार आवडतं.

नवऱ्याने दिलेलं हृदयाचं पान हीसुद्धा होयाच आहे, होया केरी. दुर्दैवाने नुसत्या पानाला मुळं फुटतात, पण ज्या डोळ्यातून नवी फूट येते तो डोळा खोडाच्या तुकड्यावर असतो. तो बरोबर आला नसेल तर ते पान वर्षानुवर्षं हिरवं राहील आणि तेवढंच राहील. मातीतून हलकेच उपसून बघा. देठाखाली खोडाचा छोटा तुकडा असेल तर आशा आहे. नसेल तर परत लावून टाका, शोभेचं म्हणून वाईट नाही. नवऱ्याला सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. पुढच्या वर्षी मात्र चार पानांची वेल मागा.

मँडेव्हिला ब्राझीलकडची, उन्हात वाढणारी. प्रदर्शनात येणारी रोपं शेडनेटखाली, भरपूर उजेडात, मोजून खत देऊन फुलवलेली असतात आणि त्यांना आटोपशीर ठेवायला अनेकदा वाढ रोखणारं औषधही दिलेलं असतं. तिथून ती थेट तुमच्या शेल्फवर आली. दोन-तीनशे लक्समध्ये कळ्या पोसणं वेलीला परवडत नाही, ती सगळ्यात आधी कळ्याच टाकते. याला रोग म्हणू नका, तिने खर्च कमी केला. आता ती जिवंत असेल तर एकदम पश्चिमेच्या उन्हात नेऊ नका, पानं भाजतील. पहिला आठवडा ग्रिलच्या आतल्या बाजूला, मग हळूहळू कडेला. फेब्रुवारीत फांद्या एक तृतीयांश छाटा, कारण हिला फुलं नव्या फुटीवर येतात, होयाच्या अगदी उलट. हिची मुळं जाडसर असतात, पाणी धरून ठेवतात, तेव्हा वरची दोन पेरं माती सुकल्याशिवाय पाणी नको. हिलाही चीक आहे, तो पोटात जाणं चांगलं नाही आणि त्वचेलाही चुरचुरतो. मुलीचा हात पोचेल अशी ठेवू नका.

कृष्णकमळाचं दुखणं दोन प्रकारचं आहे. पानंच पानं येतात ती बहुतेक वेळा जास्तीच्या लाडाने, म्हणजे शेणखत आणि गांडूळखत सतत पडत राहिल्याने. नत्र भरपूर मिळालं की वेल पानांत रमते. मार्चपासून ते बंद करा, त्याऐवजी कुंडीला दोन चमचे लाकडाची राख किंवा पोटॅश जास्त असलेलं फुलझाडांचं विद्राव्य खत पाकिटावर लिहिलंय त्याच्या निम्म्या प्रमाणात, पंधरवड्याने. कुंडी बारा इंची तरी हवी. माती भिजल्यावर तिचं वजन वीस किलोच्या आसपास जातं, ग्रिलचे बोल्ट आधी बघून घ्या, आणि निम्मं कोकोपीट घालून वजन उतरवा. खाली ताटली ठेवा. नाहीतर खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या चादरींवर लाल पाणी टपकतं आणि सोसायटीच्या ग्रुपवर तुमचं नाव येतं.

सुरवंटांचं काय? ते बहुतेक टॉनी कोस्टर नावाच्या फुलपाखराचे आहेत, तपकिरी-तांबूस अंगावर फांद्या फुटलेल्या काट्यांचे, घोळक्याने खाणारे. मुंबई-ठाण्यात कृष्णकमळ लावलं की ते शोधत येतातच. मी त्यांच्यावर काही फवारत नाही. वेल भरभर वाढणारी आहे, पंधरा दिवसांत ती परत पानांनी भरते, आणि नारिंगी फुलपाखरं ग्रिलमध्ये फिरताना बघणं मुलीला आवडेल. फारच झाले तर अर्धे एका पुठ्ठ्यावर उचलून खाली बागेतल्या कृष्णकमळावर नेऊन सोडा. फूल एक दिवस टिकतं, हे मात्र आधीच सांगून ठेवतो. बाहेरचे शंभर कौरव, आतले पाच पांडव मोजून दाखवायचे ते त्याच दिवशी.

जुईबद्दल सासूबाईंना स्पष्ट सांगा की हॉलमध्ये जुई फुलणार नाही. देवघराशेजारी तर नाहीच. पाच तास ऊन हा तिचा किमान भाव आहे आणि तो तुमच्या घरात फक्त पश्चिमेच्या ग्रिलमध्ये मिळेल, तोही काचेबाहेर. दहा-बारा इंची कुंडी, निम्मी माती, निम्मं कुजलेलं शेणखत आणि वाळू. जानेवारीत पाणी कमी करून वेल गुडघाभर उंचीवर छाटायची, पानं उतरवायची, फेब्रुवारीत खत घालून परत पाणी सुरू करायचं. उन्हाळा सरता सरता कळ्या धरतील आणि पावसाळ्यात ओंजळभर फुलं मिळतील. रोज हार होईल इतकी नाही, पण संध्याकाळी देवापुढे ठेवायला पुरतील. छाटणीचं काम सासूबाईंनाच द्या. त्यांचा हात चांगला चालतो हे होयाने दाखवलंच आहे, फक्त आता योग्य वेलीवर चालेल.

घरच्या घरी केलेल्या खतांवर लोक माझ्याशी भांडतात, पण सांगतो. केळीच्या सालींचं पाणी, तांदळाचं धुवण, चहाचा चोथा यांनी बागेतल्या जमिनीत नुकसान होत नाही. घरातल्या लहान कुंडीत, जिथे वारा नाही आणि ऊन नाही, ते आंबतं. मग ओल्या मातीवरून चिलटं उडायला लागतात आणि त्यांच्या अळ्या कोवळी मुळं कुरतडतात. साखर-दूध घातलेल्या चहाचा चोथा तर अजिबात नको. वेल अंधारात असेल तर कितीही खाऊ घाला, ते अंगी लागत नाही, कारण अन्न ती पानांत, उजेडावर बनवते, खत हे त्यातलं मीठ-मसाल्याएवढंच. सध्या जी चिलटं असतील त्यांच्यासाठी वरचा इंचभर थर काढून टाका आणि माती नीट सुकू द्या.

दक्षिणेच्या काचेजवळही आकडे फार कमी आले, समोर टॉवर उभा असला तर असं होतं, तेव्हा दिव्याचा विचार करा. जांभळ्या प्रकाशाचे महागडे दिवेच हवेत असं नाही. साधी २० वॉटची पांढरी एलईडी ट्यूब वेलीच्या फूटभर वर, रोज १२ तास. महिन्याला सातेक युनिट वीज जाते. होया अशा दिव्याखाली फुलते. जुई-कृष्णकमळासाठी हा खटाटोप करू नका, परवडणार नाही.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी एक नवी वेल सुचवतो. बेडरूमच्या खिडकीत आतल्या बाजूला, जिथे संध्याकाळचं तिरपं ऊन तासभर येतं, तिथे क्लेरोडेंड्रम थॉमसोनी लावा. पांढऱ्या कंदिलातून लाल फूल डोकावतं ती वेल, नर्सरीत दाखवलीत की ओळखतील. मूळची पश्चिम आफ्रिकेची, आपल्या कोकणात पावसाळ्यात भाजी करतात त्या भारंगीची नातलग. अर्धवट सावलीतही फुलते, छाटली तरी रागावत नाही, फूल गळलं तरी पांढरा भाग कितीतरी दिवस टिकतो. पाणी मात्र हिला होयापेक्षा बरंच जास्त लागतं, म्हणजे मावशींचा रोजचा तांब्या इथे सत्कारणी लागेल. मधुमालतीचा मोह टाळा. संध्याकाळी पांढरी उमलून पुढच्या दोन दिवसांत गुलाबी, मग लाल होणारी तिची फुलं कोणालाही भुरळ घालतात, पण ती तिसऱ्या मजल्याच्या गच्चीपर्यंत चढणारी वेल आहे, कुंडीत आणि घरात तिची आणि तुमची दोघांचीही कोंडी होईल.

आता गणपती. भाद्रपदात हवेत ओल असते, ऊन कमी असतं, त्यामुळे दहा दिवस ही फार मोठी सुट्टी नाही. निघायच्या आदल्या दिवशी सगळ्यांना भरपूर पाणी द्या, पाणी पूर्ण निथळू द्या आणि ताटल्या रिकाम्या करा. साचलेल्या पाण्यात मुळं कुजतात आणि डासही होतात. होया आणि मँडेव्हिला तशीच सोडा, शेजाऱ्यांना किल्ली देऊन पाणी घालायला सांगू नका, शेजारी दयेपोटी जास्तच घालतात. क्लेरोडेंड्रम, जुई आणि कृष्णकमळ यांच्यासाठी कुंडीजवळ थोडी उंचावर पाण्याची बादली ठेवून सुती दोरीचं एक टोक बादलीच्या तळाशी आणि दुसरं कुंडीच्या मातीत तीन इंच खोल खुपसा. दोरी आधी भिजवून घ्या, नाहीतर पाणी चढत नाही. निघण्याच्या दोन दिवस आधी करून बघा. बादली झाका.

सावंतवाडीला कुंपणांवर त्या दिवसांत कळलावी फुललेली असते, पिवळ्या-लाल ज्वाळांसारखी, आणि गणपतीच्या वर टांगतात त्या माटवीलाही बांधलेली दिसते. घरात ठेवली तर भांडणं होतात म्हणून जुनी माणसं ती दारात लावत नसत. भांडणांचं मला माहीत नाही, पण तिच्या कंदात कोल्चिसिन नावाचं जहाल विष असतं, आणि थोडासा कंदही जीव घेऊ शकतो. डिकीत टाकून एखादा कंद ठाण्याला आणावा असं नक्की मनात येईल. मुलगी लहान आहे तोवर आणू नका.